ग्रिलवर लाकडाच्या आगीचा पिझ्झा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ग्रिलवर पहिल्यांदा भाजलेला पिझ्झा बहुतेकांच्या हातून एकाच पद्धतीने बिघडतो. तळ काळाकुट्ट, कड पांढरीफटक आणि वरचं चीज जेमतेम वितळलेलं. मग दोष पिठाला दिला जातो, यीस्ट बदललं जातं, महागडं चीज आणलं जातं. खोट मात्र आगीच्या मांडणीत असते. ग्रिल हे मुळात खालून भाजण्याचं साधन आहे, आणि पिझ्झाला खालून जितकी उष्णता लागते तितकीच वरूनही लागते. तेव्हा पीठ मळण्यापासून शेवटचं लाकूड टाकेपर्यंत एक प्रश्न सतत डोक्यात असू द्या: वरची उष्णता कशी वाढवायची आणि खालची कशी आवरायची?

नेपल्समधल्या लाकडी भट्टीत हे जुळून येतं ते तिच्या आकारामुळे. घुमट बुटका असतो, आग एका बाजूला पेटती ठेवलेली असते आणि ज्वाळा घुमटाला चाटत पिझ्झाच्या डोक्यावरून पुढे येते. अस्सल नेपोलिटन पिझ्झाचे नियम ठरवणारी तिथली संघटना 1984 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत भाजून निघाला पाहिजे. त्यासाठी भट्टीचा तळ 400 अंश सेल्सिअसच्या आसपास असावा लागतो आणि घुमट त्याहून जास्त तापलेला. 2017 मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पीठ थापण्याचं कसब लोकांच्या नजरेत भरतं, पण आग सांभाळणं हाही त्या कलेचाच भाग आहे.

एवढी उष्णता कशाला, असं वाटू शकतं. घुमटाकडून पिझ्झाला मिळणारी उष्णता बरीचशी किरणांच्या रूपात येते, आणि तापमान वाढलं की ती फार झपाट्याने वाढते. झाकण 300 अंशांवरून 450 अंशांवर गेलं, तर ते सुमारे अडीच पट उष्णता फेकू लागतं. त्यामुळे कड झटकन फुगते, तिच्यावर काळे-तपकिरी ठिपके उमटतात आणि आतला ओलावा उडून जायच्या आधीच पिझ्झा बाहेर येतो. बाहेरून किंचित कुरकुरीत आणि आतून मऊ अशी कड कमी आचेवर दहा मिनिटं भाजून मिळत नाही. तो पिझ्झाही खायला चांगला लागतो, पण तो वेगळा पदार्थ आहे.

घरच्या ग्रिलवर पहिल्याच दिवशी 90 सेकंदांचा हट्ट धरू नका. दगड 350 ते 380 अंश आणि पिझ्झा दोन ते तीन मिनिटांत तयार, इथे पोचलात तरी चव पुष्कळ जवळ जाते.

ग्रिल, दगड आणि हत्यारं

लेखातलं वर्णन गोल, घुमटाकार झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलला धरून आहे. साधारण 57 सेंटीमीटर व्यासाचं ग्रिल सोयीचं पडतं, कारण दगड ठेवूनही मागे आगीला जागा उरते. गॅसच्या ग्रिलवर लाकूड पेटवू नका. ते त्यासाठी बनलेलं नसतं आणि जास्तीची उष्णता नळी व बटणांपर्यंत पोचू शकते.

दगड कॉर्डिएराइटचा घ्या. ही चिनी मातीच्या कुळातली सामग्री आहे, अचानक तापण्या-निवण्याचा धक्का ती चांगला सोसते. जाडी दीड ते दोन सेंटीमीटर असावी. फरशीचा तुकडा, ग्रॅनाइट किंवा नदीतला दगड वापरू नका. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ झाली की असा दगड तडकतो, कधी फुटून उडतोही. लोखंडी पत्रा घरातल्या ओव्हनमध्ये उत्तम काम करतो, कारण तिथे तापमान 250 अंशांच्या आसपास असतं आणि लोखंड दगडाच्या कितीतरी पट वेगाने उष्णता सोडतं. नेमका हाच गुण 380 अंशांवर अंगाशी येतो: अर्ध्या मिनिटात तळ जळतो. या आगीसाठी दगडच हवा.

पिझ्झा आत सरकवायला पातळ लाकडी पील, म्हणजे लांब दांड्याची सपाट फळी, आणि आत फिरवायला धातूची लहान पील लागते. ती नसेल तर लांब चिमटा आणि पातळ उलथनं चालेल. याखेरीज कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे घ्या. आणखी एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल, तर तो दुरून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड तापमापकावर करा. 400 अंशांच्या पुढे मोजणारा घ्या. झाकणावरचा काटा आतल्या हवेचं तापमान दाखवतो, दगडाबद्दल काहीच सांगत नाही, आणि पिझ्झा तर दगडावर बसणार आहे.

आदल्या दिवशीचं पीठ

सुमारे 250 ग्रॅमच्या चार गोळ्यांसाठी 610 ग्रॅम मैदा, 380 ग्रॅम पाणी, 17 ग्रॅम मीठ आणि 1 ग्रॅम कोरडं इन्स्टंट यीस्ट घ्या. सगळं वजन करून घ्या, पाणीसुद्धा. यीस्टसाठी वजनकाटा पुरेसा बारीक नसेल तर चहाचा पाव चमचा सपाट भरून चालतो.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचं प्रमाण पाहा, 11 ते 13 टक्के असेल तर उत्तम. इटालियन पाकिटावरचा 00 हा आकडा पिठातून कोंडा किती काढला आहे ते सांगतो, पिठाची ताकद सांगत नाही. म्हणून 00 लिहिलेल्या पिठांतही प्रथिनांत बराच फरक असतो. माल्ट घातलेलं पीठ या आचेवर लवकर करपतं, ते टाळा. साखर आणि तेलही घालू नका. कमी आचेच्या ओव्हनमध्ये ती रंग यायला मदत करतात, इथे रंग आणण्याचं काम आग पुरेपूर करते.

पाण्यात मीठ विरघळवा, थोडं पीठ कालवा, यीस्ट घाला आणि मग उरलेलं पीठ मिसळा. कोरडा कण उरला नाही की झाकून वीस मिनिटं तसंच ठेवा. या विश्रांतीत पीठ पाणी शोषून घेतं आणि पुढचं मळणं निम्म्यावर येतं. मग आठ-दहा मिनिटं मळा. सुरुवातीला हाताला चिकटेल, तरी वरून पीठ भुरभुरवू नका. मळता मळता ते सुटतं. गोळा गुळगुळीत झाला की दोन तास बाहेर झाकून ठेवा, चार भाग करा, प्रत्येकाची कड खाली ओढत घट्ट गोळा वळा आणि झाकणाच्या डब्यात एकमेकांपासून अंतर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. 24 तासांत चव छान येते, 48 तासही चालतात.

भाजण्याआधी दोन-तीन तास डबा बाहेर काढा. ही पायरी अनेक जण गाळतात. थंड गोळा थापताना सारखा आकसतो, ओढला तर फाटतो. शिवाय थंड पीठ आत शिजेपर्यंत तळ करपतो. गोळा बोटाने दाबला की खळगा हळूहळू भरून यावा, तेव्हा तो तयार समजा.

आगीची मांडणी

ग्रिल उघड्यावर, सपाट जमिनीवर ठेवा. भिंत, कुंपण, झाडाची खालची फांदी, कपडे वाळत घातलेली दोरी यांपासून निदान तीन मीटर दूर. घरात, गॅरेजमध्ये, बंदिस्त गॅलरीत किंवा तंबूत कोळसा पेटवायचा नाही, खिडक्या उघड्या असल्या तरीही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. जोराचा वारा असेल त्या दिवशी बेत पुढे ढकला. वाळूची किंवा पाण्याची बादली हाताशी असू द्या. ती आजूबाजूला पसरलेल्या ठिणगीसाठी आहे. तापलेल्या दगडावर पाणी कधीच ओतायचं नाही.

आता मुख्य काम. कोळसा ग्रिलच्या तळावर सर्वत्र पसरू नका. मागच्या बाजूने अर्धचंद्रासारखा रचा, मधला आणि पुढचा भाग मोकळा राहू द्या. दगडाच्या थेट खाली निखारा नको, कारण तिथला प्रत्येक निखारा तळ जाळण्याच्या कामी लागतो.

जाळीवर उष्णता सोसणाऱ्या विटा ठेवून त्यांवर दगड मांडा. दगड आणि झाकणाचा सगळ्यात उंच भाग यांमध्ये 10 ते 12 सेंटीमीटर अंतर राहील इतकी उंची साधा. दगड थोडा पुढे सरकवा, म्हणजे मागून ज्वाळेला वर यायला वाट राहते. कोळसा पेटवण्याआधीच झाकण लावून पाहा, ते दगडाच्या कडेला टेकत नाही ना. झाकण दगडाच्या इतकं जवळ आलं की तेच घुमटाचं काम करतं. दगड जाळीवर खाली ठेवला तर पिझ्झा आणि झाकण यांमध्ये मोठी पोकळी राहते, आणि वरून फार थोडी उष्णता मिळते. खाली काळा आणि वर पांढरा असा जो पिझ्झा सुरुवातीला वर्णन केला, तो बहुतेक वेळा इथेच बिघडलेला असतो.

यावरही तळ लवकर जळत असेल, तर दगडाखाली लोखंडी ताट किंवा दुसरा पातळ दगड ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर हवा सोडा. खालून येणारी धग त्यावर अडते.

झाकणावरचं धुराचं भोक आगीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पुढे येईल असं फिरवा आणि पूर्ण उघडं ठेवा. खालचा झरोकाही पूर्ण उघडा. गरम हवा बाहेर पडायला पुढे वाट शोधते, तशी मागची ज्वाळाही झाकणाखालून, पिझ्झाच्या वरून पुढे ओढली जाते. भोक आगीच्याच डोक्यावर राहिलं तर सगळी ज्वाळा तिथूनच निसटते. इतक्या छोट्या बदलाने एवढा फरक पडेल असं वाटत नाही, म्हणून एकदा झाकण दोन्ही बाजूंना फिरवून कड कशी भाजली जाते ते स्वतः पाहा.

झाकणाची पुढची कड धातूचा तुकडा लावून सात-आठ सेंटीमीटर उचलून ठेवता आली तर आणखी चांगलं. पिझ्झा त्या फटीतून आत-बाहेर करता येतो आणि दर वेळी झाकण उचलावं लागत नाही. झाकण उचललं की साठवलेली वरची उष्णता क्षणात निघून जाते. हीच सोय देणारी, पुढे तोंड असलेली कडी काही ग्रिलांसाठी तयारही मिळते. पिझ्झा नेहमी करणार असाल तर ती घ्यावी.

कोळसा आधी, लाकूड नंतर

दगड तापवायचं काम कोळशावर सोपवा. ओबडधोबड तुकड्यांचा, साच्यात न दाबलेला लाकडी कोळसा घ्या. तो लवकर पेटतो, कडक तापतो आणि राख कमी करतो. कोळसा पेटवण्याच्या धातूच्या चिमणीत एक खेप भरून खालून कागद पेटवा. रॉकेल, पेट्रोल नको: भडका धोक्याचा असतो आणि वास पिझ्झात उतरतो. वरचे कोळसे राखाडी दिसू लागले की मागच्या अर्धचंद्रात ओता आणि त्यांवर चिमणीच्या निम्मा न पेटवलेला कोळसा टाका.

दगड थंड असतानाच आत ठेवायचा आणि आगीबरोबर हळूहळू तापू द्यायचा. यात 40 ते 50 मिनिटं जातात. दगडाचा वरचा पृष्ठभाग लवकर तापलेला दिसतो, पण आतपर्यंत उष्णता मुरलेली नसते आणि पहिला पिझ्झा ठेवताच तापमान कोसळतं. मध्यभागी आणि चारही कडांना मोजा. मागची कड पुढच्यापेक्षा जास्त तापलेली असणारच. फरक फार असेल तर जाड हातमोजे घालून दगड अर्धा फिरवा.

मध्यभाग 350 अंशांवर आला की लाकूड. मनगटापेक्षा बारीक, 15 ते 20 सेंटीमीटर लांबीच्या ढलप्या पुरेशा आहेत. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, आतला ओलावा 20 टक्क्यांहून कमी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यावा. ओक, बीच, मॅपल किंवा फळझाडांचं कठीण लाकूड घ्या. पाइनसारख्या राळ असलेल्या लाकडाची काजळी धरते. रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवूड, औषध मारलेलं किंवा जुन्या फर्निचरचं लाकूड अजिबात नको. त्याच्या धुरात विष असतं. कण्हेरीचं लाकूडही विषारी, ते कोणत्याही चुलीत घालू नये.

दोन-तीन ढलप्या निखाऱ्यांवर ठेवल्या की आधी दाट पांढरा धूर येतो. तो कडवट असतो, त्यात पिझ्झा ठेवू नका. चार-पाच मिनिटांत धूर पेट घेतो आणि स्वच्छ पिवळी ज्वाळा उभी राहते. लाकडाचं खरं काम तेव्हा सुरू होतं. दोन-तीन मिनिटांत पिझ्झाला धुराची चव फारशी लागत नाही, लागते ती या ज्वाळेची धग. त्यामुळे लाकडाच्या सुगंधाची चिंता सोडा आणि त्याच्या कोरडेपणाकडे लक्ष द्या.

झाकण कधीही झटक्याने उघडू नका. आत हवेअभावी कोंडलेला धूर एकदम हवा मिळाली की भडकतो. आधी पुढची कड थोडी उचला, दोन सेकंद थांबा, मग पूर्ण उघडा. चेहरा बाजूला ठेवा.

वरचं साहित्य

सॉस शिजवायचा नाही. टोमॅटो हाताने कुस्करा आणि मीठ घाला, बस. डब्यातले सोललेले टोमॅटो उत्तम चालतात. पातळ रस गाळून टाका. एका पिझ्झाला 70 ग्रॅम पुष्कळ. ताज्या मोझरेलाचे तुकडे करून दोन तास चाळणीत निथळत ठेवा, 80 ते 90 ग्रॅम घ्या. जास्त साहित्य घालायचा मोह आवरा. दोन मिनिटांत पाणी उडून जायला वेळच मिळत नाही, आणि ओलं साहित्य मध्यभाग गिळगिळीत करतं. मशरूम, वांगी, सिमला मिरची घालायची असेल तर आधी परतून पाणी काढा.

थापणं आणि सरकवणं

लाटणं वापरू नका. रात्रभर तयार झालेली हवा त्याने निघून जाते आणि कड फुगत नाही. गोळा भरपूर पिठात घोळवा. बोटांनी मधून बाहेर दाबत जा, पण कडेची दीड-दोन सेंटीमीटर जागा दाबू नका, म्हणजे हवा तिथे सरकते. मग दोन्ही हातांच्या मुठींवर घेऊन फिरवत 28-30 सेंटीमीटरपर्यंत वाढवा. मध्यभागी फार पातळ झालं असेल तर तिथे सॉस कमी घाला. वरचं जास्तीचं पीठ झटकून टाका. ते दगडावर जळून कडू लागतं.

पीलवर रव्याचा पातळ थर पसरा, त्यावर पिझ्झा ठेवा आणि साहित्य घालण्याआधी पील हलवून पाहा. पिझ्झा सरकत असेल तरच पुढे जा. साहित्य झटपट घाला, कारण सॉस पडल्यापासून तळ ओलावत जातो. मिनिटभर तसाच राहिला तर चिकटायला लागतो. आत नेण्याआधी पुन्हा एकदा हलवा. चिकटला असेल तर कड उचलून खाली थोडा रवा सरकवा. तरीही सुटत नसेल तर अर्धा दुमडून कडा दाबा आणि भरलेला कॅल्झोने म्हणून भाजा. फक्त आच थोडी उतरू द्या, तो जाड असतो.

पीलचं टोक दगडाच्या मागच्या कडेजवळ टेकवा, पुढची कड दगडाला लागली की पील झटक्याने मागे ओढा. हात थबकला की साहित्य सांडतं. थोडा सराव साहित्याशिवाय, साध्या थापलेल्या गोळ्यावर करून घ्या. भाजलेला गोळा वाया जात नाही.

भाजताना

पहिली 40-45 सेकंदं हात लावू नका. तळ धरला नाही तर फिरवताना फाटतो. मग कड उचलून तळ पाहा. तपकिरी ठिपके दिसले की पाव फेरा फिरवा आणि पुढे दर 20-30 सेकंदांनी फिरवत राहा, म्हणजे प्रत्येक बाजू आळीपाळीने ज्वाळेसमोर येते. फिरवल्यावर पिझ्झा त्याच जागी परत ठेवा: तिथला दगड आधीच थोडा निवलेला असतो, शेजारचा मात्र कडक असतो आणि तिथे ठेवला तर तळ करपतो. शेवटी कड फुगली, तळ भाजला, पण वर रंग कमी वाटला तर पिझ्झा धातूच्या पीलवर दगडापासून उचलून झाकणाजवळ आठ-दहा सेकंद धरा.

दोन पिझ्झांमध्ये घाई करू नका. पहिला काढला की दगड मोजा, तापमान 50-60 अंशांनी उतरलेलं दिसेल. जळलेलं पीठ पितळी किंवा लाकडी ब्रशने झाडा, एक ढलपी टाका आणि तीन-चार मिनिटं थांबा. या वेळात पुढचा गोळा थापून होतो.

तळ जळतोय आणि वर रंग नाही, तर दगड जास्त तापलाय किंवा ज्वाळा मेली आहे. कोळसा घालू नका, त्याने खालची धगच वाढेल. बारीक कोरडी ढलपी टाकून ज्वाळा उठवा आणि दगड 340 पर्यंत उतरू द्या. उलट कड करपतेय आणि तळ फिका, तर दगड तापायच्या आत लाकूड टाकलं गेलं आहे. ज्वाळा बसू द्या आणि निखाऱ्यांवर दहा मिनिटं थांबा. एकच बाजू जळत असेल तर लवकर फिरवा, बाकी काही बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने फरक पडला ते कळतं.

शेवटचा पिझ्झा निघाला की दोन्ही झरोके बंद करा आणि झाकण लावा. हवा तुटली की आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. दगड आतच निवू द्या, बाहेर काढून थंड जागी ठेवला तर तडकू शकतो. तो साबणाने धुवायचा नाही, पाण्यात भिजवायचा नाही. कोरडं खरवडा, काळे डाग राहिले तर राहू द्या, पुढच्या आगीत ते जळून जातात. राख दुसऱ्या दिवशीही आतून धुमसत असू शकते, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा आणि डबा लाकडी ओट्यापासून दूर ठेवा.